सह्यांचा डबा

१२ फेब्रुवारी, आटगाव

…हां, तर डबा. मागच्या पत्रात बाईजा मॅडमचं सांगता सांगता पानच संपलं, आणि दुसरं पान जोडायला ऑफिसात वेळ नव्हता.

योगिनीताई, डबा तुला माहितीच आहे. तू इथे होतीस तेव्हाचाच, बटर बिस्किटांचा, झाकणावर घोडागाडी असलेला. सरांच्या कपाटात वरच्या खणात असतो. आत सगळ्या क्लायंटच्या डिजिटल सह्या. परवा पप्पांना समजावत होते की कंपनीचे डायरेक्टर आता कागदावर सही करत नाहीत. पेनड्राइव्हसारखं एक टोकन असतं, ते कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड टाकायचा, झाली सही. पप्पा म्हणाले, "आणि माणूस कुठं असतो तेव्हा?" मी हसले. म्हटलं, पप्पा, माणूस बिझी असतो.

प्रत्येक टोकनवर अजून तुझ्याच अक्षरातली चिठ्ठी आहे. तुझा तो पोट सुटलेला 'ज'. 'बाईजा'वर तर फार छान आलाय.

ताई, मला या बाईचं वेड लागलंय, सिरियसली. बाईजा नथू हिलम. पत्ता डोळखांबच्या वरच्या एका पाड्याचा. हिलम! आपल्या शाळेत हिलम आडनावाचं कोणी होतं का? एकही नाही. पाड्यावरचे लोक दिवाळी झाली की घर बंद करून वीटभट्टीवर जातात, एवढंच आपल्याला माहिती. आणि त्यांच्यातली ही बाई खडी-सिमेंटच्या कंपनीची डायरेक्टर! वर्षभर तिची सगळी रिटर्न्स मीच भरते. ओटीपीसाठी फोन केला की कंपनीचं सगळं बघणारे मुरबाडचे किशोरभाऊ उचलतात. "मॅडम बाहेरगावी आहेत," म्हणतात. नेहमी बाहेरगावी. किती फिरत असेल ही बाई! माझ्या डोक्यात तर ती अख्खी तयार आहे. कॉटनची साडी, बारीक कापलेले केस, बोलेरो स्वतः चालवते, आणि मीटिंगमधे कोणी मधे बोललं तर नुसतं बघते.

आता खरी बातमी. आपल्या शाळेत आठ मार्चला महिला दिन आहे, आणि प्रिन्सिपल मॅडमनी मला विचारलं, कोणी लोकल अचीव्हर आहे का? मी एका सेकंदात नाव सांगितलं.

तू वाचतेस की नाही, मला माहीत नाही. सख्ख्या मावसबहिणीचा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर. पत्ता मावशीने दिला, तुला सांगू नको म्हणाली, तरी सांगतेय. तुझ्या साखरपुड्यात मी सगळ्यांसमोर "तुला झेपलं नाही म्हणून तू ते ऑफिस सोडलंस" म्हणाले, ते चुकलं. पण तू तरी कारण सांगायचंस ना. नुसतं "तिथे सीएची आर्टिकलशिप करू नकोस." का? सर किती चांगले आहेत!

तुझी रविना

२७ फेब्रुवारी, आटगाव

ताई,

कार्ड छापून आलं! 'प्रमुख पाहुण्या : श्रीमती बाईजा नथू हिलम, संचालक'. गुलाबी कागद, सोनेरी अक्षरं. प्रिन्सिपल मॅडम इंग्लिशमधे छापणार होत्या, मीच म्हटलं, नको, मराठीत असू दे, त्यांच्या घरचे पण वाचतील.

सरांना सांगितलेलं नाही. सरप्राइज. आणि खरं सांगू, मागे एकदा मी म्हटलं होतं की मला बाईजा मॅडमना भेटायचंय, करिअरबद्दल विचारायचंय. तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "रविना, क्लायंटना डिस्टर्ब करायचं नाही." बरोबरच आहे. प्रोफेशनल एटिकेट.

किशोरभाऊंना फोन केला की मॅडम आठ तारखेला मोकळ्या आहेत का. ते म्हणाले, कुठल्या मॅडम? मी म्हटलं, बाईजा मॅडम. मग म्हणाले, "त्या नाय यायच्या गो. बाहेरगावी असतात." आणि फोन ठेवला. मला वाटतं पीए लोकांना असं करावं लागतं, नाहीतर कोणीही उठून बोलावेल.

पण पप्पांनी एक लाख मोलाचं सांगितलं. पाड्यावरची माणसं जगात कुठेही असू देत, शिमग्याला घरी येतातच. म्हणजे मॅडम पण येणार. मी कार्ड घेऊन थेट घरीच धडकणार आहे. शाल घेतलीय, नारळ घेतलाय. मम्मीची अबोली साडी इस्त्री करून ठेवलीय.

आर्टिकलशिप आता संपतच आली. मग ती पूर्ण झाल्याच्या कम्प्लिशन फॉर्मवर सरांची सही, मग फायनल परीक्षा. ताई, मी खरंच सीए होणार. तू माझ्या आधी होणार होतीस, पण तू मधेच पुण्याला ट्रान्सफर घेतलीस आणि तुझं सगळं लांबलं. तेवढं सोडून बाकी सगळ्यासाठी मी तुला थँक यू म्हणते. बॅलन्स शीट म्हणजे काय ते मला आधी तूच शिकवलंस, मावशीच्या ओट्यावर, चिंचोके मांडून.

रविना

५ मार्च, आटगाव

मी बाईजाला भेटले.

बाईजा मॅडम नाही. बाईजा.

थांब, नीट सांगते. नीट सांगता येतंय का बघते.

एसटीने डोळखांबला उतरले. चहाच्या टपरीवर विचारलं, बाईजा हिलम कुठे राहतात? टपरीवाला म्हणाला, "कंची बाईजा?" मी म्हटलं, "त्या, कंपनीच्या." तर तो एवढ्या जोरात हसला की हातातला चहा सांडला. "अरे, कंपनीला पावनी आली रे!" बाकावरचे सगळे हसायला लागले. मला इतकं बरं वाटलं, ताई! म्हटलं, बघ, सगळा गाव ओळखतो. त्यांनी रस्ता दाखवला. वर पाड्याकडे, शेवटचं घर.

ते घर नव्हतं. कारवीच्या कुडाचं खोपट, वर निळं प्लॅस्टिक. दारात एक बाई सुपात सुकट निवडत बसलेली. मम्मीपेक्षा लहानच असेल. हाताच्या भेगांत माती इतकी बसलेली की ती आता धुऊन जाणार नाही. मला वाटलं, मॅडमनी कामाला ठेवलेली असेल.

म्हटलं, "बाईजा मॅडम आहेत का?"

"मॅडम मेली. बाईजा हाय. डोस पाजाया आलीस का? बारकं पोर नाय इथं कोण."

मी साडी सावरत तिथेच उभी. हातात शाल, नारळ, गुलाबी कार्ड. म्हटलं, "तुम्ही… कंपनीच्या डायरेक्टर?"

आतून एक माणूस ओरडला, तो नथू, तिचा नवरा. "आली बघ अजून एक! ओ कंपनी, चाय ठेव पावनीला!"

"गप रे, मुडद्या!" असं म्हणून ती माझ्याकडे वळली. सूप खाली ठेवलं. "तू पंचायतीतली ना? तुमीच लिवलंय ना त्ये? माझं घरकुल तुमीच कापलंत ना?"

ताई, तिचं नाव घरकुलाच्या यादीत आलं होतं. पक्कं घर मिळणार होतं. खोपटामागे तिने आणि नथूने पायासाठी खड्डासुद्धा खणून ठेवलाय, त्यात आता कोंबड्या बसतात. मग कोणीतरी सांगितलं की तुझं नाव बाद, तू कंपनीची मालकीण आहेस. तेव्हापासून पाड्यावर तिचं नावच 'कंपनी' पडलंय. पाण्यावर गेली की बायका म्हणतात, कंपनी आली, सरका गो.

"मी पंचायतीतल्या भाऊसायबाला बोलली," ती म्हणाली, "कंपनी असती तं मी भिवंडीला ईटा थापाया गेली असती का? दोगं नवरा-बायको चिखलात असतो आमी दिवाळीपासून. तो बोलला, बाई, मला नको सांगू, कॉम्प्युटर सांगतोय."

ताई, कॉम्प्युटरला ते मी सांगितलंय.

मी. वर्षभर. एसीत बसून. मधे मधे बाईजा मॅडम आत्ता कुठल्या शहरात असतील याचा विचार करत.

मला विचारायचंच नव्हतं, तरी विचारलं. किशोर नावाचं कोणी आलं होतं का? ती म्हणाली, हो, मागल्या सालाच्या आधी. रेशनला अंगठा लागत नाय म्हणून नवीन कार्ड काढून देतो म्हणाला. आधार घेतलं, फोटो काढला. "संगती एक पोरगी होती. चष्मेवाली. तिनं मोबाईल धरला माझ्यासमोर. बोलली, बाई, इकडं बघा आणि नाव बोला. मी बोलली, थांब गो, पदर नीट करू दे. ती बोलली, छान दिसता." म्हणजे टोकन काढायला लागतो तो व्हिडिओ.

मग ती आत गेली आणि मला पाणी आणून दिलं.

जांभळ्या बाटलीतून.

तळाला पोचा आलेली, झाकणावर चांदण्या असलेली. तुझ्या वाढदिवसाला मी दिलेली. त्यावर मी नेलपेंटने तुझं नाव लिहिलं होतं, ते पुसत आलंय, पण 'यो' दिसतो अजून.

"ही कुठून?" मी म्हटलं. ती म्हणाली, "त्याच पोरीची. आली तेवा चुरूचुरू बोलत होती. मग आत बघितलंन, आमचं सगळं बघितलंन. जाताना बाटली ठेवून गेली. काय बोलली नाय."

मी पाणी प्यायले. दुसरं काय करणार होते?

निघताना शाल तिच्या हातात दिली. तिने विचारलं, कशाला? मी म्हटलं, शाळेत तुमचा सत्कार होता. "कशाचा?" तिने शाल उलटसुलट करून बघितली. "थंडीची आणायची ना मग. शिमग्याला शाल आणतंय कोण?"

मग नथू आतून म्हणाला, "कंपनीचा बोनस असंल." आणि ती हसली, ताई. ती हसत होती.

१० मार्च, आटगाव

ताई,

शाळेत मी सांगितलं की प्रमुख पाहुण्या आजारी आहेत. प्रिन्सिपल मॅडमनी माइकवर तसंच सांगितलं, 'आदरणीय बाईजाताईंना लवकर बरं वाटो', आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

काल सरांशी बोलले. मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा म्हणतील, अरे बापरे, किशोरने आपल्याला फसवलं! मी खरं तर त्याचीच वाट बघत होते. पूर्ण रस्ताभर मनात तेच म्हणत होते, सरांना माहीत नसणार, सरांना माहीत नसणार.

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. दोन बिस्किटं बशीत ठेवली, जवळ सरकवली. म्हणाले, "रविना, आपण सही करतो का? नाही. सही डायरेक्टर करतात. आपण फक्त अपलोड करतो."

मी म्हटलं, "पण सर, तिची सही आपल्या डब्यात आहे."

"सोयीसाठी. सगळीकडे असते."

"तिला माहीतच नाही सर, की तिची सही आहे."

"तिला काय काय माहीत नाही याची यादी करायला बसलीस तर म्हातारी होशील." आणि ते हसले. ताई, तेच हसू. मी पहिल्यांदा पास झाले तेव्हा पेढा देताना हसले होते तेच. आवाज जरासुद्धा चढला नाही. मग तितक्याच प्रेमाने म्हणाले, "आणि बेटा, हे फॉर्म कोणाच्या लॉगिनवरून गेलेत?"

माझ्या.

"तुझी कम्प्लिशन जवळ आलीय. माझी सही लागेल तुला. शांतपणे पूर्ण कर. योगिनीलाही मी हेच सांगितलं होतं. ती हुशार निघाली. शांतपणे गेली."

चहा मी संपवला. आत्ता लिहिताना कळतंय की संपवला.

म्हणजे तुला माहीत होतं. कारण हे होतं. आणि तू मला एवढंच म्हणालीस, "तिथे जाऊ नकोस." जसं एखाद्या हॉटेलचं जेवण बरं नसतं म्हणून सांगतात तसं. मी तुला सगळ्यांसमोर 'झेपलं नाही' म्हटलं, आणि तू ते ऐकून घेतलंस, पण बाईजाचं नाव घेतलं नाहीस. ताई, मला राग येतोय का तेच कळत नाहीये. मावशीच्या ओट्यावर तू चिंचोके मांडून सांगायचीस, या बाजूला एक ठेवला की त्या बाजूलाही एक ठेवावाच लागतो, नाहीतर ते खोटं. तूच ना ती?

मला उत्तर दे. प्लीज.

रविना

१९ मार्च, आटगाव

योगिनीताई,

तुझं उत्तर आलं. इतक्या पत्रांना मिळून एक ओळ. 'यात माझं नाव कुठेही आणू नकोस.' खाली सही पण नाही.

मी ती ओळ मम्मीला दाखवली नाही. मावशीला तर नाहीच. तिला वाटतंय, आपलं जुळलं.

आता काय झालं ते ऐक.

सोमवारी सरांनी हाक मारली. किशोरभाऊ नवी कंपनी काढतायत, मुरबाडचीच, त्यात बाईजाला पुन्हा डायरेक्टर करायचंय. "घे, तूच कर हे," म्हणाले. दुसरे आर्टिकल रिकामे बसले होते, तरी मलाच दिलं. मला कळलं, मी शांत झालेय का ते बघतायत.

मी कपाट उघडलं. डबा काढला. ताई, मी तो डबा किती वेळा उघडलाय, पण त्या दिवशी झाकण काढलं आणि मला पप्पांचा प्रश्न आठवला. माणूस कुठं असतो तेव्हा? मी एकेक चिठ्ठी वाचली. तुझं अक्षर. पाड्यावरची आडनावं आधी पण दिसायची, वाटायचं, वा, किती प्रगती! परवा मोजायची हिंमत झाली नाही.

तिचं टोकन कॉम्प्युटरजवळ नेलं. लावलं नाही.

सर केबिनमधून म्हणाले, "झालं का गं?"

मी म्हटलं, "हो सर." टोकन माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकलं, भाजीच्या डब्याशेजारी, आणि खाली उतरले. चालत स्टँडवर आले. डोळखांबची गाडी लागलेली होती.

पाड्यावर निघायची घाई चालू होती. मुकादमाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता, पुन्हा भट्टीवर. बाईजा गोधडी बांधत होती. मला बघून म्हणाली, "आली गो, शालवाली."

मी तिच्या हातावर टोकन ठेवलं. म्हटलं, "ही तुमची सही."

तिने उलटंपालटं केलं. कानाशी नेऊन हलवलं. "माझी सही? मी तं अंगठा देते."

"ही कंपनीतली. तुमच्या नावाने काढलेली. जिथे जिथे तुमचं नाव लागलं, तिथे ही लावली. गेलं वर्षभर मीच लावली."

नथू खोपटातून बाहेर आला. पहिल्यांदाच.

मला वाटलं, ती मला मारेल. तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "ह्ये काय लिवलंय?"

"बाईजा."

"अवडंच?"

"एवढंच."

मग एकदम म्हणाली, "म्हंजे मी बोलत होती ते खरं होतं ना? मी येडी नव्हती ना?" नथूकडे बघून पुन्हा म्हणाली, "बघ, मी येडी नव्हती." वर्षभर पाड्यावर सगळे हसले, त्यात ती स्वतःही हसत होती, आणि आत तिला वाटत होतं की आपणच कुठेतरी काहीतरी करून बसलोय आणि विसरलोय.

मी सगळं समजावलं. शहापूरला तहसीलदारांकडे जाऊ, पोलिसात जाऊ, अर्ज मी लिहीन, बरोबर उभी राहीन. ती म्हणाली, "घरकुल येईल का?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "शिकलेली हायस ना?" मी म्हटलं, "हो. तरी माहीत नाही."

तिने टोकनच्या भोकातून काळा दोरा ओवला, गळ्यात बांधला आणि पोलक्यात टाकला. "मुकादमाला सांग रे," नथूला म्हणाली, "कंपनी उद्या येत नाय. कंपनीला काम हाय." मुकादम तिला पुन्हा कामावर घेईल की नाही, तेही माहीत नाही. टेम्पो नथूला एकट्याला घेऊन गेला.

शुक्रवारी आम्ही दोघी तहसीलला जातोय. तुझं नाव मी आपणहून घेणार नाही. पण बाईजा 'चष्मेवाली पोरगी' म्हणणारच, आणि ती कोण असं कोणी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तू स्वतः आलीस तर तिच्याकडे अंदाज नाही, साक्ष असेल. ती बाटली तिने अजून जपलीय. तुझ्याबद्दल ती वाईट बोलत नाही. म्हणते, बिचारी, घामाघूम झालेली.

आज सकाळी सरांचा मेसेज आला. नेहमीसारखाच, 'गुड मॉर्निंग बेटा'ने सुरू. डब्यात एक सही कमी आहे. उद्यापर्यंत जागेवर आली तर विषय संपला, कम्प्लिशनवर लगेच सही. नाही आली तर माझ्यावर चोरीची तक्रार, पोलिसात आणि सीएच्या इन्स्टिट्यूटला, दोन्हीकडे. मग मी कधीच सीए होणार नाही.

मम्मी रडतेय. म्हणते, ऑफिसातून न विचारता वस्तू उचलली, म्हणजे चोरीच ती. पप्पा नुसते माझ्याकडे बघतात. मी टोकन परत आणणार नाही, ते ठरलंय. पण तू माझ्याआधी हे शिकलीस, त्या चिठ्ठ्या तू लिहिल्यास, त्या बाईला 'छान दिसता' तू म्हणालीस, म्हणून तुलाच विचारते. तुझं नाव वाचवायला म्हणून नको, खरं काय वाटतं ते सांग.

ताई, जिची सही होती तिलाच नेऊन दिली, तर मी चोर होते का गं?

रविना